निळ्या वाटेवर बोलायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही खरं तर गुडघ्याची आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिली. रोज तारीख टाकायची, किती चाललं ते लिहायचं, पाय सुजला का, दुखला का ते लिहायचं. मी तारीख टाकली आणि लक्षात आलं की मला जे लिहायचंय ते गुडघ्याबद्दल नाहीच. बाईंना वेगळा कागद भरून देईन. वही माझी.

गुडघा वरचीचा आहे, नुकतंच ऑपरेशन झालेला. वरची म्हणजे माझी मोठी जाऊ. ती वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या. मध्ये एकवीस पायऱ्यांचा जिना, आणि अकरा वर्षांचा अबोला. पाण्याची टाकी भरली, वीजवाला आला, गच्चीत कपडे भिजतायत, जे काही असेल ते आमचे हे वर जाऊन सांगतात आणि वरचं उत्तर खाली आणतात. घड्याळं दुरुस्त करतात, पुढच्या खोलीतच दुकान आहे, त्यामुळे सदैव हाताशी असतात.

आज सकाळी चहा पिताना ह्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. भिंग काढून बोलायला लागले की समजायचं, प्रकरण नाजूक आहे.

"अगं, वहिनींना रोज चालवायला कोणीतरी हवंय."

"मग ठेवा कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे आपल्यातलं."

"आपल्यात तुम्ही आहात."

"मला दुकान आहे."

"मला तोंड आहे. आणि ते तिच्यापुढे उघडत नाही."

"म्हणून तर म्हणतोय," हे खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "तळ्याकाठच्या राखीव जंगलात दोन वाटा आहेत. पिवळीवर खडी, ती गुडघ्याला चालत नाही. निळी मऊ मातीची. आणि निळीवर बोलायला बंदी आहे. पाटीच लावलीये तशी."

मी नाही म्हणणार होते. पण मग ह्यांनी पुतण्याचं सांगितलं. तो पंधरा मार्चला येतोय. तोवर आईला जिना धड चढता आला नाही, तर वरचा मजला बंद करून तिला कायमची आपल्या शहरात घेऊन जाणार.

म्हटलं, छान. माझ्या डोक्यावरचे पाय गेले.

मग दुपारभर वर कान लावून बसले. काठीचा टकटक आवाज, थांबली, पुन्हा टकटक. चारच्या सुमारास ह्यांना म्हटलं, सांगा तिला, उद्या सकाळी सातला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हे गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे, मध्ये माझी पिशवी. हे एकटेच बोलत होते. दोन्हीकडून हुंकारसुद्धा नाही, तरी माणूस थकला नाही.

फाटकावर एक काटकुळा पहारेकरी आहे. गळ्यात शिट्टी, बुडाखाली सायकल. त्याने आम्हाला नियम ऐकवले.

"निळ्या वाटेवर शब्द काढायचा नाही. खोकला चालेल. शिंक चालेल. शब्द आला की शिट्टी, आणि शिट्टी आली की फाटकापर्यंत परत यायचं आणि पहिल्यापासून चालायचं."

"ठेच लागली तर?" मी विचारलं.

"आई गं हे दोन शब्द आहेत."

"आणि हसू आलं तर?"

तो पाटी वाचायला गेला. परत येऊन म्हणाला, "हसण्याचं काही लिहिलेलं नाही."

वाट छान आहे. आधी झाडी, मग तळ्याच्या कडेने लव्हाळं, त्यातून जाणारी लाकडी फळ्यांची पायवाट, आणि शेवटी पक्षी बघायचा मनोरा. पायऱ्या छत्तीस. वरची आज पहिल्या बाकापर्यंत गेली, सातशे पावलं. मी मोजली, कारण मोजायला सांगितलंय. बाकावर तिने मला अर्धी जागा ठेवली. मी उभी राहिले.

अर्ध्या तासात मला एक गोष्ट उमगली. अकरा वर्षांत ह्या भांडणाचा निकाल लागला नाही, कारण निकाल लागायला नियम नव्हते. इथे आहेत. जी आधी बोलेल ती हरली, आणि वर शिट्टी.

परत येताना औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "काय, जावा-जावा फिरायला लागल्या म्हणे!" सकाळी सातला निघालो, साडेनऊला ह्याला कळलेलं. कुठून बातम्या फुटतात देव जाणे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिने सुरुवात केली, हे मला इथे नोंदवून ठेवायचंय.

घरी येऊन शाल काढली तर पाठीवर काटेरी गवताच्या बिया चिकटवलेल्या. नुसत्या चिकटवलेल्या नाहीत, एका ओळीत, सारख्या अंतरावर. चाळीस वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवलेली बाई, ओळ सोडून जाणार नाही. आता कळलं समोरून येणारे सगळे वळून वळून माझ्याकडे का बघत होते. मला वाटलं शाल आवडली असेल.

आठशे नव्वद पावलं. सूज नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी तिच्या पिशवीत दगड टाकले. ती फुलपाखरू बघायला थांबली की एक, बाकावर टेकली की एक. सात. गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून सुपारीएवढेच निवडले होते.

संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर तेच सात दगड, लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने मांडलेले. म्हणजे ती एकवीस पायऱ्या उतरून खाली आली, वाकली, मांडले आणि परत वर गेली. दिवसातून दुसऱ्यांदा जिना!

ह्यांनी विचारलं, "हे काय?"

म्हटलं, "तुमच्या वहिनींना विचारा."

ते वर गेले. खाली आले. म्हणाले, "वहिनी म्हणतायत, तुमच्या बायकोला विचारा."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निळ्या वाटेवर एक गृहस्थ येतात. पांढरे बूट, कानाला फोन. पहारेकऱ्याची सायकल दिसली की फोन खिशात आणि चेहरा ध्यानस्थ. सायकल गेली की "हां, बोल" सुरू. आम्ही (म्हणजे मी, तिचं मला माहीत नाही) त्यांना बोलराव म्हणते.

आज बोलराव आमच्या मागेच होते आणि कोणाला तरी मोठ्याने फैलावर घेत होते. शिट्टी वाजली. पहारेकरी झाडामागून आला, तोवर बोलरावांचा फोन गायब. आणि त्यांनी खुशाल माझ्याकडे बोट दाखवलं!

मला बोलता येईना. बोलले असते तर गुन्हा सिद्धच झाला असता. एकतीस वर्षं मी टेलिफोन ऑपरेटर होते, दिवसाला तीन-तीनशे लोकांशी बोलले, पण एवढं बोलावंसं कधी वाटलं नव्हतं. पहारेकऱ्याने फाटकाकडे हात केला. मी निघाले.

वरची पुढे जाऊ शकत होती. नाव माझं आलं होतं. ती तिथेच उभी राहिली, काठी उचलून बोलरावांच्या खिशाकडे रोखली आणि तशीच धरून ठेवली. पहारेकऱ्याने खिशाकडे बघितलं, पण खिसा गप्प. मग तीही वळली आणि माझ्यामागून फाटकापर्यंत परत आली. बाराशे पावलं झाली होती. ती सगळी पहिल्यापासून.

तिला व्यायाम जास्त करायचा असेल. आणखी काय?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी हसून हसून मेले, तेही आवाज न करता. पोटात अजून दुखतंय.

तिसऱ्या बाकाजवळ वरचीने पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. ते शाळेच्या फळ्यावरचं अक्षर मी कुठेही ओळखीन. लिहिलं होतं, "कृपया मला किती वाजले ते विचारा." आणि कागदाच्या मागे त्याच काटेरी बिया, चिकटायला तयार.

मी तिच्याकडे बघितलं. तिने पुढे चाललेल्या बोलरावांच्या पाठीकडे बघितलं. तिला गुडघ्यामुळे भराभर चालता येत नाही, तेव्हा काम कोणाचं हे उघडच होतं. मी बूट न वाजवता गेले, स्वेटरवर हलकेच टेकवला आणि झाडांकडे बघत परत आले.

पुढच्या वळणावर सहलीला आलेला मोठा घोळका होता. पहिल्या बाईने त्यांना कुजबुजत वेळ विचारली. बोलराव खणखणीत आवाजात म्हणाले, "पावणेआठ." शिट्टी. दुसऱ्या फेरीत एका आजोबांनी विचारलं. "अहो, बोलू नका इथे!" बोलराव ओरडले. शिट्टी. तिसऱ्या फेरीत कोणी नुसतं मनगटाकडे बोट दाखवलं तरी ते किंचाळले.

पहारेकऱ्याने शेवटी पाठीवरचा कागद काढला, वाचला, उलटसुलट केला. आम्ही दोघी बाकावर बसून तळ्यातली बदकं मोजत होतो. तो जवळ आला आणि म्हणाला, "अक्षर फार सुरेख आहे." त्याला बोलायची परवानगी असावी. कागद घडी करून त्याने खिशात ठेवला.

अठराशे पावलं. पाय किंचित गरम. आज बाकावर मी बसले, पण ते पोट दुखत होतं म्हणून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गुडघा सुजलाय. डॉक्टरांनी तीन दिवस घरी बसायला सांगितलं. चूक माझी नाही, पण चौदा तारखेला जरा जास्त झालं हे खरं.

मी एकटीच गेले. वाट बघून यावी म्हटलं, चिखल वगैरे झाला असेल तर. चिखल नव्हता. पाऊण तासात फेरी संपली. निळ्या वाटेवर एकटीने गप्प राहण्यात काही अर्थ नाही, तिथे कोणाशी तरी बोलत नसावं लागतं.

येताना बर्फाची पिशवी घेतली आणि ह्यांच्या हाती वर पाठवली. "माझं नाव सांगू नका. व्यायामवाल्या बाईंनी दिली म्हणा."

हे खाली आले ते बराच वेळ दुकानात गेलेच नाहीत. माझ्यासमोर बसून राहिले. "तुम्ही दोघींनी आता बोलायला हरकत नाही," म्हणाले. "झालं ते होऊन गेलं. कोणाच्या तोंडून काय निघून गेलं, त्याला आता इतकी वर्षं झाली."

"कोणाच्या तोंडून म्हणजे? माझ्या तोंडून काही निघालेलं नव्हतं," मी म्हटलं.

"तेच ते," म्हणाले, आणि उठून चक्क भांडी घासायला लागले. हा विषय निघाला की ह्यांना नेहमी घरकाम सुचतं. मला तेवढाच आराम.

विषय निघालाच आहे तर लिहून ठेवते. अकरा वर्षांपूर्वी पुतण्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनीच मोडलं. वरचीची इच्छा होती की आमंत्रणं परत घेऊन होईपर्यंत चार दिवस गवगवा नको. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत. सगळे नातेवाईक जमलेले असताना वरची माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या घरात गुपित ठेवायचं तर आधी टेलिफोनची वायर कापावी लागेल." सगळे हसले. मी खाली आले आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून लावलेलंच आहे.

पुतण्याचं पुढे दुसरीकडे लग्न झालं, सुखात आहे. आमचंच राहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ती आली. काठीच्या मुठीला माझ्या बर्फाच्या पिशवीची रिकामी कापडी खोळ बांधलीये, हाताला रुतू नये म्हणून. व्यायामवाल्या बाईंची आठवण म्हणून बांधली असेल.

मनोऱ्याच्या अकरा पायऱ्या चढली आणि उतरली. अकराव्या पायरीवर थांबली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मी खालून दोन्ही हात वर करून उभी होते. ती पडली असती तर मी काय झेललं असतं, माझं वजन पंचेचाळीस. पण हात आपोआप वर गेले.

औषधवाल्याला आज 'अकरा पायऱ्या' माहीत होत्या! मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना सोडून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हरले.

सगळं नीट लिहायला हवं. लव्हाळ्यातल्या फळ्यांवरून चाललो होतो. ताई (म्हणजे वरची) पुढे, मी मागे. डाव्या हाताला तीन छायाचित्रकार मोठमोठी भिंगं लावून दोन तास एका पक्ष्याची वाट बघत बसलेले. माझं लक्ष खाली गेलं. ताईच्या पुढची फळी एका बाजूने सुटली होती, खिळा वर आलेला, आणि तिचा पाय तिकडे पडतच होता.

"ताई, पाय!"

एकतीस वर्षं ज्या आवाजाने बिघडलेल्या तारेवरून पलीकडचं गाव उठवलं, तोच आवाज. लव्हाळ्यातून शेकडो पक्षी एकदम उडाले. तिघांच्या हातून भिंगं निसटायचीच बाकी राहिली. त्यातला एक रडवेला होऊन म्हणाला, "बाई, काय केलंत हे!" आणि लगेच तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. तळ्याच्या पलीकडून शिट्टी आली.

ताईचा पाय हवेतच होता. तिने तो सावकाश मागे घेतला, फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

पहारेकरी आला. त्याने फळी बघितली, खिळा बघितला, खूप विचार केला. मग आम्हा दोघींना आणि त्या रडव्या छायाचित्रकाराला फाटकाकडे हात केला. नियम म्हणजे नियम. पण ताईला त्याने स्वतःच्या सायकलवर मागे बसवून नेलं.

फाटकाशी पिवळ्या वाटेचा पहिला बाक आहे. तिथे बोलायला परवानगी आहे. आम्ही बसलो. परवानगी असली की सुचत नाही.

मग ताई म्हणाली, "तुझा आवाज आहे तसाच आहे. माझे कान गेले."

"तुमचा पाय गेला असता."

"तो ऑपरेशनचा नव्हता. दुसरा होता."

मला हसू आलं, तिलाही आलं. आणि मग ते थांबल्यावर मी म्हटलं, "वायर कापावी लागेल म्हणालात तुम्ही. चारचौघांत."

"म्हणाले. तोंडातून गेल्या क्षणी कळलं, चुकलं. दुसऱ्या दिवशी खाली आले होते. तुझं दार बंद होतं. मी वाजवलं नाही, ती माझी दुसरी चूक."

"मी कोणाला सांगितलं नव्हतं, ताई."

"मग मला तसं का सांगितलं?"

"कोणी?"

ताई बदकांकडे बघायला लागली. "जाऊ दे."

"कोणी, ताई?"

"भाऊजींनी. म्हणाले, वहिनी, हिला दिवसभर फोनवर बोलायची सवय, गेलं असेल बोलण्याबोलण्यात."

मी म्हटलं, "मला लग्न मोडल्याचं कळलंच मुळी शेजारणीकडून. तुम्ही मला कुठे सांगितलं होतंत? त्या दिवशी मुलीकडे तुमच्याबरोबर कोण गेलं होतं?"

"भाऊजी," ताई म्हणाली, आणि तिची काठी हातातून गळून पडली.

आम्ही दोघींनी औषधवाला आठवला. गल्लीतल्या अकरा वर्षांच्या बातम्या आठवल्या. डोळ्याला भिंग लावून, समोर गिऱ्हाईक बसवून, घड्याळाचं पोट उघडता उघडता आमचे हे काय काय उघडत असतील ते आठवलं. एकतीस वर्षं मी हजारो लोकांची बोलणी जोडली आणि एक अक्षर कुठे सांडलं नाही. आणि नाव माझं.

रडू आलं नाही. एक दिवस आठवला, तो मी ताईला बोलून दाखवला. मोठे दीर दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा मी वर गेले होते. आल्यागेल्याला चहा दिला, भांडी घासली, आणि एक शब्द न बोलता खाली आले.

"त्या दिवशी वाटलं होतं, तू बोलशील," ताई म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

तिने माझा हात धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही. गाडी दिसल्यावर मात्र झटकन सोडला आणि तोंड फिरवून बसली. मीही फिरवलं. का ते आधी मलाही कळलं नाही. मग तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि कळलं.

"आज कसं झालं?" ह्यांनी विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही. आज ते गप्प बसणं किती गोड लागलं म्हणून सांगू.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आता रोज आधी पिवळ्या वाटेच्या बाकावर अर्धा तास बोलून घेतो, मग निळीवर जातो. ह्यांच्यावर मी तीन दिवस आतून धुमसत होते. घरी गेल्यावर सगळं तोंडावर फेकायचं ठरवलं होतं. ताई म्हणाली, "फेकलंस की संपलं. ते माफी मागतील, तू देशील, तासाभरात चहा. अकरा वर्षांना एक तास? चाळीस वर्षं मी शिक्षा दिल्यात. शिक्षा लांबवायची असते."

तेव्हा ठरलं असं. घरी आमचा अबोला पूर्वीसारखाच, उलट जास्त कडक. आणि कबुली द्यायची संधी द्यायची नाही. त्यांना मोकळं व्हायचंय, हे दिसतंयच.

आज ह्यांनी भिंग काढलं. "अगं, मला तुला एक सांगायचंय, फार दिवसांपासून..."

"आधी वर जाऊन विचारा, गच्चीच्या दाराला कडी लावली का."

गेले. आले. "लावली. हां, तर मी काय म्हणत होतो..."

"कोणती कडी? वरची का खालची?"

७ मार्च, शुक्रवार

आज ह्यांनी जिन्याच्या सतरा फेऱ्या केल्या. निरोप आम्ही सकाळी बाकावरच ठरवून ठेवतो. मी विचारायचं, वर कोळीष्टकं झालीत का. ताईने कळवायचं, आमची कोळीष्टकं आमची आम्ही बघू. मी कळवायचं, कोळी मात्र खाली येतात. असं नवव्या निरोपापर्यंत.

ताई मनोऱ्याच्या एकतीस पायऱ्या चढली.

१५ मार्च, शनिवार

पुतण्या आला. आईला घेऊन जायच्या तयारीनेच आला होता, मोठ्या दोन बॅगा रिकाम्या आणलेल्या. ताईचा चेहरा बघवेना. मी म्हटलं (ह्यांच्यामार्फत), "आधी राखीव जंगलात नेऊन दाखवा म्हणावं. मग बॅगा भरा."

तिघं गेलो. फाटकावर पहारेकऱ्याने पुतण्याला नियम सांगितले. तो हसला. मोठ्या शहरातली माणसं नियमांना हसतात.

शंभर पावलांवर तो म्हणाला, "आई, दमलीस का?" शिट्टी. तो एकटा परत गेला, आम्ही पुढे.

पळत पळत आम्हाला गाठलं आणि म्हणाला, "अगं, हळू चाल ना!" शिट्टी.

तिसऱ्यांदा फळ्यांच्या पायवाटेवर गाठलं. ह्या वेळी शहाणा झाला होता, ओठ घट्ट मिटलेले. पण नेमका त्याचा फोन वाजला आणि सवयीने "हॅलो" गेलं. एक शब्द. पहारेकऱ्याने एक बोट वर करून दाखवलं, म्हणजे एक शब्दही शब्दच.

तो चौथ्यांदा आला तेव्हा ताई मनोऱ्याच्या छत्तिसाव्या पायरीवर उभी होती. कठड्याला टेकून, काठी काखेत, दुर्बीण डोळ्याला. दुर्बीण पहारेकऱ्याने दिली होती. पुतण्या विसाव्या पायरीवर बसला, धापा टाकत, शर्ट चिंब. ताईने दुर्बीण खाली करून त्याला बघितलं. मग छत्तीस पायऱ्या एकेक करून उतरली आणि त्याच्याशेजारून जाताना पिशवीतली पाण्याची बाटली त्याच्या हातात ठेवली.

त्याने बाटली रिकामी केली. गाडीत म्हणाला, "काकू, आईला तुमच्याजवळच राहू दे."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "तुझ्या आईला सांग, मला काही फरक पडत नाही."

ताईही खिडकीबाहेर बघत होती. तिच्या बाजूची काच तिच्या हसण्याने धुरकट झाली होती.

२२ मार्च, शनिवार

पुतण्या गेला, बॅगा रिकाम्याच परत गेल्या. व्यायामवाल्या बाईंचा कागद भरून दिला, त्यात गुडघ्याखेरीज काही नाही.

शिक्षा चालू आहे. आज सकाळी बाकावर ठरलं होतं, चार वाजता मी सुई मागायची आणि ताईने 'नाही' असं कळवायचं. चारला मी ह्यांना पाठवलं. हे दाराबाहेर गेले आणि दोन मिनिटांत परत आले. म्हणाले, "वहिनी म्हणतायत, सुई आहे, पण तुला देणार नाही. आणि दिली तरी दोरा देणार नाही."

हे तर ठरलंच नव्हतं! ताईचं हे असं आहे, ऐनवेळी मनाने काहीतरी घालते. परवा पण गच्चीच्या निरोपात तिने भलतंच उत्तर पाठवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणते, माझ्याकडे कोणी आलंच नव्हतं. वय झालं, विसरते. उद्या जरा रागवायला हवं.

ह्यांना मात्र कशाचा पत्ता नाही. दुकानात बसून आताशा शीळ घालत असतात. आणि जिना चांगलाच मानवलाय म्हणायचा. महिन्याभरापूर्वी वर जाऊन आले की दाराला धरून उभे राहायचे. आज एकवीस पायऱ्या चढून उतरून आले, पण श्वास जरासुद्धा लागला नव्हता.